राखलेलं अंतर : अ‍ॅटलेटिको माद्रिद, २०१३-१४

१७ मे २०१४, शनिवार. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. लोकसभेचे निकाल आदल्याच दिवशी लागलेले, त्यामुळे कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. तिकडे बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर स्पॅनिश लीगचा त्या मोसमातला शेवटचा सामना सुरू होत होता. हिशेब सरळ होता. अ‍ॅटलेटिको माद्रिदला बरोबरी पुरत होती, बार्सिलोनाला जिंकणं भाग होतं. जो साधेल तो विजेता.

सोळाव्या मिनिटाला अ‍ॅटलेटिकोचा दिएगो कोस्टा मांडी धरून थांबला. त्या मोसमात लीगमध्ये २७ गोल केलेला माणूस. तो बाहेर गेला आणि सातच मिनिटांनी आर्दा तुरानही बाहेर. तेहतिसाव्या मिनिटाला अलेक्सिस सांचेझने उजव्या बाजूच्या अवघड कोनातून चेंडू थेट जाळीच्या वरच्या कोपऱ्यात घातला. दोन मोहरे गेलेले, गोल खाल्लेला, समोर मेस्सी आणि इनिएस्ता, भोवती नव्वद हजारांवर प्रेक्षक आणि त्यात आपले म्हणावेत असे जेमतेम काहीशे.

मी कोल्हापुरात पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. हा सामना आणि त्यानंतर सातच दिवसांनी लिस्बनला झालेला सामना, दोन्ही मी मुलांना तुकड्या-तुकड्यांनी कितीतरी वेळा दाखवले आहेत. अंगातल्या ताकदीवर खेळणारा आणि तरीही तोल न सोडणारा संघ कसा असतो, हे या दोन सामन्यांइतकं स्वच्छ मला दुसरीकडे सापडलेलं नाही. एकात ती ताकद काय करू शकते ते दिसतं. दुसऱ्यात तिची किंमत दिसते.

आधीची अवस्था

दिएगो सिमिओने प्रशिक्षक म्हणून आला तो डिसेंबर २०११ मध्ये, नाताळच्या तोंडावर. संघ लीगमध्ये दहाव्या क्रमांकावर होता आणि कोपा देल रे या स्पेनच्या चषक स्पर्धेत तिसऱ्या श्रेणीतल्या अल्बासेतेकडून हरून बाहेर पडला होता. सिमिओने क्लबला नवा नव्हता. १९९६ मध्ये अ‍ॅटलेटिकोने लीग आणि चषक दोन्ही जिंकले, तेव्हा मधल्या फळीत तोच होता. पण त्यानंतर क्लब दुसऱ्या श्रेणीतही जाऊन आलेला. घरच्याच शहरातल्या रिअल माद्रिदला हरवून तर १९९९ पासून वर्षं उलटत चालली होती.

पैशांचं गणित तर बघवत नव्हतं. २०१२-१३ च्या मोसमात रिअल माद्रिदचं उत्पन्न साधारण ५१९ दशलक्ष युरो, बार्सिलोनाचं ४८३, आणि अ‍ॅटलेटिकोचं १२०. म्हणजे चौथा हिस्सासुद्धा नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात रिअलने गॅरेथ बेलला आणलं, बार्सिलोनाने नेमारला. अ‍ॅटलेटिकोने त्याच उन्हाळ्यात आपला सर्वाधिक गोल करणारा रादामेल फाल्काओ मोनॅकोला विकला आणि त्याच्या जागी बार्सिलोनाला नकोसा झालेला एकतीस वर्षांचा दाविद व्हिया किरकोळ किमतीत घेतला.

संघ कसा जमवला होता ते पाहण्यासारखं आहे. गोलरक्षक थिबो कोर्त्वा चेल्सीकडून उसना. मिरांडा ब्राझीलहून विनामूल्य आलेला. कर्णधार गाबी क्लबच्याच अकादमीतला, मध्ये बाहेर जाऊन परत आलेला. राउल गार्सिया उसनवारीवर ओसासुनाला जाऊन आलेला. जुआनफ्रान रिअलच्या अकादमीत वाढलेला. कोके घरचाच. कुणाच्याही स्वप्नातल्या अकरा जणांत यातले बहुतेक बसले नसते. आज ती नावं लागोपाठ म्हटली की एकाच श्वासात येतात, हेच त्या संघाचं यश.

ताकद कशासाठी

त्या संघाबद्दल तेव्हा एक शेरा सर्रास ऐकू यायचा : धसमुसळे आहेत, अंगावर जातात, खेळू देत नाहीत. त्यात खोटं सगळंच नाही. कोस्टा समोरच्या बचावपटूला दिवसभर छेडायचा. प्रतिहल्ला सुरू होतोय असं दिसलं की मधल्या फळीतला एखादा जण मुद्दाम फाउल करून मोकळा व्हायचा. हे मला आवडत नाही आणि मुलांना मी ते शिकवत नाही. पण एवढ्यावर त्या संघाला खोडून काढणारे मूळ गोष्टच बघत नव्हते. धक्काबुक्कीने दोन सामने जिंकता येतात, ३८ सामन्यांची लीग जिंकता येत नाही.

मूळ गोष्ट होती अंतर.

चेंडू समोरच्याकडे असला की अ‍ॅटलेटिको चार-चार-दोनमध्ये बसायचा. मागे चार, त्यांच्यापुढे चार, पुढे दोघे. बचावफळी आणि मधली फळी यांच्यात जेमतेम दहा-बारा मीटर. शेजारच्या दोघांत त्याहूनही कमी. सगळा संघ असा आवळलेला की मैदानाच्या रुंदीचा साधारण अर्धा भाग त्यांनी मोकळाच सोडलेला असायचा. व्हिया आणि कोस्टा समोरच्या बचावपटूंच्या मागे धावत सुटायचे नाहीत. ते मागे सरून समोरच्या संघाच्या मध्यवर्ती खेळाडूवर, बार्सिलोनाच्या बाबतीत बुस्केत्सवर, सावली धरायचे. म्हणजे मधून पास निघायचा रस्ता बंद. चेंडू आपोआप बाजूला जायचा.

बाजूला गेला की सापळा. त्या बगलेचा बचावपटू, त्याच्या पुढचा मध्यरक्षक, जवळचा आतला मध्यरक्षक आणि मागे आलेला एक आघाडीपटू, असे चौघे चेंडूभोवती. पाचवा गडी म्हणजे बाजूची रेषा, कारण तिच्या पलीकडे कुणाला पळता येत नाही. कोके आणि तुरान हे दोघे बगलेला खेळायचे खरे, पण मुळात मधल्या जागेतले खेळाडू. म्हणून ते आत राहायचे आणि मध्य कधी रिकामा पडायचा नाही. यातूनही समोरच्याने क्रॉस टाकलाच तर तिथे मधले बचावपटू मिरांडा आणि गोदिन उभे. उंच चेंडू त्या दोघांना हवाच असायचा.

आता या रचनेत एक उघड भोक आहे. पलीकडच्या बगलेला समोरचा एक गडी मोकळा उभा असतो. चेंडू तिकडे फिरवला की काय? तिथेच अंगमेहनतीचा प्रश्न येतो. लांबचा पास हवेतून दोन-अडीच सेकंदांत पोचतो. तेवढ्या वेळात आठच्या आठ जणांना वीस-एक मीटर आडवं सरकायचं, आणि सरकताना आपापसातलं अंतर तसंच ठेवायचं. एकदा नाही, एका सामन्यात शेकडो वेळा. एक जण पाऊलभर उशिरा आला की दोघांमध्ये फट पडते, आणि मेस्सीला तेवढी फट पुरते.

म्हणून या संघाच्या बाबतीत ताकद आणि तोल हे दोन वेगळे गुण मानताच येत नाहीत. दमसास होता म्हणून अंतर राहायचं. अंतर राहायचं म्हणून एकट्या गड्याला मेस्सीशी, रोनाल्डोशी एकेकट्याने भिडावं लागायचं नाही. दमात जरा कमी असलेला संघ हीच रचना लावायला जातो तेव्हा साठाव्या मिनिटानंतर नुसत्या फटी दिसतात.

याचा पुरावा त्या मोसमातल्या सहा सामन्यांत आहे. अ‍ॅटलेटिको आणि बार्सिलोना त्या वर्षी सहा वेळा भिडले : स्पॅनिश सुपर कपचे दोन, लीगचे दोन, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीचे दोन. १-१, ०-०, ०-०, १-१, १-०, १-१. बार्सिलोनाला एकही जिंकता आला नाही. सहा सामन्यांत मिळून त्यांचे गोल तीन, आणि मेस्सीचा त्यात एकही नाही. जानेवारीतल्या सामन्यात तो दुखापतीतून परतल्यामुळे उत्तरार्धातच उतरला होता, हे खरं. पण बाकीचं सगळं त्या दहा-बारा मीटरांचं काम.

डोंगर आणि कॉर्नर

हा दमसास कुठून आला? ऑस्कर ओर्तेगा हा उरुग्वेचा शारीरिक प्रशिक्षक. खेळाडू त्याला 'एल प्रोफे' म्हणजे मास्तर म्हणतात. मोसम सुरू होण्याआधी जुलैमध्ये तो संघाला सेगोव्हिया भागातल्या लोस आंखेलेस दे सान राफाएल या डोंगराळ ठिकाणी न्यायचा. तिथे गोल्फचं मैदान आहे, चढ-उतारांचं. त्या चढांवर खेळाडू पळायचे. उतरायचं, पुन्हा चढायचं. उलट्या होईपर्यंत पळणाऱ्या खेळाडूंची दृश्यं स्पेनमध्ये दर उन्हाळ्यात चवीने बघितली जातात. आमच्या पेठांतल्या तालमींत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. जोर-बैठका मारताना कोणता डाव टाकायचा याचा विचार नसतो, पण डाव टाकायच्या वेळी त्याच बैठका पायाखाली असतात.

मात्र नुसता चढ चढून लीग जिंकता येत नाही, आणि इथे मला तुरानबद्दल दोन वाक्यं लिहायचीच आहेत. तो संघातला सर्वांत कमी धावणारा वाटायचा. चेंडू घेऊन कोपऱ्याकडे जायचा, पाठ करून उभा राहायचा, दोघांना अंगाशी झुलवायचा, कधी फाउल मिळवायचा, कधी थ्रो-इन. बघणाऱ्याला वाटायचं, हा काय वेळकाढूपणा चाललाय. पण त्या पंधरा सेकंदांत मागचे नऊ जण श्वास घेत असायचे आणि पुन्हा आपापल्या जागी येत असायचे. संघाचा तोल म्हणतात त्यात विश्रांतीही येते, आणि ती पायात चेंडू असतानाच मिळते. एवढा कष्टकरी संघ तुरानसारख्या माणसाशिवाय दमून गेला असता. पुढे तसंच झालं.

दुसरी गोष्ट सेट पीस, म्हणजे कॉर्नर किंवा फ्री किकसारखा थांबलेल्या चेंडूवरून सुरू होणारा खेळ. गाबी किंवा कोकेने टाकलेला कॉर्नर, आणि पेटीत, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, गोदिन, मिरांडा, राउल गार्सिया, कोस्टा. चेंडू फारसा ताब्यात न ठेवणाऱ्या संघाला गोल कुठून मिळणार, याचं हे अर्धं उत्तर होतं. सिमिओनेचा तेव्हाचा सहायक हेर्मान बुर्गोस हा जुना गोलरक्षक. एप्रिल २०१४ मध्ये खेताफेविरुद्ध तो चक्क गुगल ग्लासचा चष्मा लावून बाकावर बसला होता, सामन्याची माहिती डोळ्यांसमोर यावी म्हणून. हा संघ फक्त छातीच्या जोरावर खेळतो म्हणणाऱ्यांनी ते चित्र आठवावं.

मोसम संपला तेव्हाचे आकडे असे : २८ विजय, ६ बरोबरी, ४ पराभव, ९० गुण. केलेले गोल ७७, खाल्लेले २६. रिअलने १०४ गोल केले, बार्सिलोनाने १००, आणि दोघांचे गुण ८७. माझ्या मते सगळं प्रकरण या ओळीत आहे. अ‍ॅटलेटिकोने रिअलपेक्षा २७ गोल कमी केले आणि फक्त १२ गोल कमी खाल्ले. गोलफरकाच्या हिशेबात तिघांत तो शेवटचा. तरीही पहिला, कारण त्याचे गोल सामन्या-सामन्यांत सारखे वाटले गेले होते. एका दुपारी सात मारायचे आणि पुढच्या आठवड्यात गुण घालवायचे, असं क्वचितच झालं. सिमिओने वर्षभर एकच वाक्य घोकत होता, 'पार्तिदो आ पार्तिदो', एका वेळी एकच सामना. ऐकून लोक कंटाळले होते.

कॅम्प नोऊचा उत्तरार्ध

आता परत १७ मे. मध्यंतरानंतर चौथ्याच मिनिटाला अ‍ॅटलेटिकोला कॉर्नर मिळाला. गाबीने टाकला. गोदिन मागून धावत आला आणि सगळ्यांच्या वर उडाला. चेंडू खाली, जाळीत. १-१.

पुढची चाळीस मिनिटं मी मुलांना आवाज बंद करून दाखवतो. चेंडूकडे बघू नका म्हणतो, लाल-पांढऱ्या पट्ट्यांकडे बघा. कोस्टाच्या जागी आद्रियान, तुरानच्या जागी राउल गार्सिया. माणसं बदलली, पण रेषा तीच. चेंडू डावीकडे गेला की आठ जण डावीकडे. उजवीकडे गेला की आठ जण उजवीकडे. वाऱ्याने पडदा हलावा तसे, सगळे एकदम. बार्सिलोनाच्या खेळाडूंना पेटीसमोर चेंडू मिळत होता, पण वळायला जागा मिळत नव्हती. मेस्सीने एकदा चेंडू जाळीत घातला, तो ऑफसाइड ठरला. त्यावर पुष्कळ वाद झाला आणि बार्सिलोनाच्या लोकांचा राग मी समजू शकतो.

शिट्टी झाली. १८ वर्षांनी लीग. २००४ मध्ये व्हॅलेन्सियाने जिंकल्यानंतर रिअल आणि बार्सिलोना यांच्याखेरीज कुणी ती जिंकलीच नव्हती. आणि मग कॅम्प नोऊचे प्रेक्षक उभे राहिले, आपल्याच घरात येऊन आपलं विजेतेपद नेणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. ते दृश्य मी मुलांना आवाजासकट दाखवतो.

सात दिवस

पुढच्या शनिवारी लिस्बनला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता, रिअल माद्रिदविरुद्ध. एकाच शहरातले दोन संघ अंतिम फेरीत समोरासमोर येण्याची ती पहिलीच वेळ.

पण त्या आधीची काही आठवडे बघितले तर खुणा दिसत होत्या. चेल्सीला त्यांच्या मैदानावर ३-१ ने हरवून अंतिम फेरी गाठली ३० एप्रिलला. चारच दिवसांनी लेव्हान्तेकडून ०-२ ने पराभव. मग घरच्या मैदानावर मालागाशी १-१. पाय जड झाले होते. लीगचे ३८, चॅम्पियन्स लीगचे १३, कोपा देल रेचे ८, सुपर कपचे २ : लिस्बन धरून ६१ सामने, आणि तेरा-चौदा जणांवरच भार. रिअलकडे बाकावर बसलेल्यांतून दुसरा चांगला संघ उभा राहिला असता. अ‍ॅटलेटिकोकडे तशी सोय नव्हती, आणि ती नव्हती कारण १२० दशलक्षांत ती होत नाही.

कोस्टा उपचारांसाठी बेलग्रेडला गेला. घोडीच्या वारेपासून केलेल्या औषधाने स्नायू लवकर भरतो, असा दावा करणारा तो उपचार, जगभर त्याच्या बातम्या आल्या. शनिवारी तो अकरा जणांत होता. नवव्या मिनिटाला तो बाहेर आला. नंतर सिमिओनेने त्या निर्णयाची जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि मला वाटतं ती त्याचीच होती. त्या वेळी सामन्यात तीनच बदली खेळाडू मिळायचे, आजच्यासारखे पाच नाहीत, आणि जादा वेळेसाठी चौथाही नाही. तिनातला एक नवव्या मिनिटालाच वाया गेला. तुरान तर मैदानातच नव्हता, म्हणजे चेंडू धरून श्वास मिळवून देणारा माणूस नाही.

तरीही छत्तिसाव्या मिनिटाला गोदिन. पुन्हा सेट पीस, पुन्हा हेडर. रिअलचा गोलरक्षक कासियास पुढे आला आणि अडकला, चेंडू त्याच्या डोक्यावरून रेषेच्या आत. १-०. मग तीच दहा-बारा मीटरं, तासभर.

आपल्याकडे सामना रात्री सव्वाबाराला सुरू झाला होता. नव्वद मिनिटं भरली तेव्हा दोन वाजून गेले होते. रिअलने एकोणसाठाव्या मिनिटाला मार्सेलो आणि इस्को असे दोन ताजे, चेंडू खेळवणारे गडी आणले होते. तिथून अ‍ॅटलेटिकोची रेषा हळूहळू मागे सरकताना दिसते. पंचाहत्तराव्या मिनिटाला ती पेटीच्या पुढच्या कडेला, पंच्याऐंशीव्याला पेटीच्या आत. फिलिपे लुईसला त्र्याऐंशीव्या मिनिटाला बाहेर काढावं लागलं आणि तिसरा बदल संपला. भरपाईची पाच मिनिटं मिळाली. ९२ मिनिटं ४८ सेकंद झाले तेव्हा मॉड्रिचने कॉर्नर टाकला आणि सर्जिओ रामोसने हेडर मारला. कोर्त्वा पूर्ण ताणून झेपावला, तरी बोटं पोचली नाहीत. ज्या हत्याराने अ‍ॅटलेटिकोने वर्षभर कमाई केली, त्याच हत्याराचा हा घाव.

जादा वेळेत उजव्या बगलेचा बचावपटू जुआनफ्रान याच्या पायात गोळे आले. बदली खेळाडू शिल्लक नाही, तो लंगडत उभा. एकशेदहाव्या मिनिटाला दि मारियाने नेमका त्याच्याच बाजूने हल्ला केला. कोर्त्वाने पायाने अडवलं, उडालेला चेंडू बेलने हेडरने आत घातला. त्या क्षणी चित्र थांबवून मी मुलांना विचारतो, जुआनफ्रान आणि त्याच्या शेजारचा यांच्यात किती अंतर आहे? मुलं पडद्यावर बोटं ठेवून मोजतात. मग मार्सेलोचा गोल, मग रोनाल्डोची पेनल्टी. ४-१. तो आकडा बघून कुणाला वाटेल, सामना एकतर्फी झाला. पहिली ९२ मिनिटं ज्याने बघितली तो तसं म्हणणार नाही.

या क्लबला जुन्या माणसांनी ठेवलेलं एक नाव आहे, 'एल पुपास', ज्याला सतत काहीतरी लागतं-खुपतं तो. ते १९७४ पासूनचं. ब्रसेल्सला युरोपियन कपच्या, म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगच्या, अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध लुईस अरागोनेसने ११४ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला होता. शेवटच्या मिनिटाला श्वार्झेनबेकने लांबून बरोबरी साधली. दोन दिवसांनी सामना पुन्हा खेळवला गेला आणि दमलेला अ‍ॅटलेटिको ०-४ ने हरला. तो दिवस होता १७ मे १९७४. बरोबर चाळीस वर्षांनी, त्याच तारखेला, कॅम्प नोऊवर लीग मिळाली, आणि आठवडाभरात १९७४ पुन्हा घडलं. अरागोनेस १ फेब्रुवारी २०१४ ला गेला होता. त्याने दोन्हीतलं काहीच पाहिलं नाही.

आपल्याकडची एक फांदी

त्याच वर्षी इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि कोलकात्याच्या संघात अ‍ॅटलेटिको माद्रिदची भागीदारी होती. नाव अ‍ॅटलेटिको दी कोलकाता, जर्सीवर तेच लाल-पांढरे पट्टे, प्रशिक्षक अंतोनियो हाबास. साखळीत त्यांनी १४ पैकी फक्त ४ सामने जिंकले, ७ बरोबरीत सोडवले. उपांत्य फेरीत गाठ पडली झिको प्रशिक्षक असलेल्या एफसी गोवाशी, आणि गोव्याचा संघ त्या वर्षी बघायला फार सुंदर होता. दोन सामने, एकशेऐंशी मिनिटं, त्यावर जादा वेळ, गोल शून्य. फातोर्ड्याला पेनल्टीवर कोलकाता जिंकलं. माझे गोव्यातले मित्र अजून त्या संध्याकाळीबद्दल तळमळून बोलतात. २० डिसेंबरला नव्या मुंबईत, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना. भरपाई वेळेत कॉर्नर, मोहम्मद रफिकचा हेडर, १-०. केरळ ब्लास्टर्स हरलं.

कोलकात्याचा तो संघ माद्रिदच्या संघाच्या जवळपासही नव्हता. पण सामना घट्ट धरून ठेवायचा, मधला रस्ता द्यायचा नाही आणि एका कॉर्नरची वाट बघायची, ही रीत ओळखीची होती.

शाहू स्टेडियमवर आमच्याकडे अंगावर जाऊन खेळणाऱ्याला टाळी मिळते. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी मंडळ, कुणाचाही सामना असो, खणखणीत टॅकल झाला की अख्खं स्टेडियम उठतं. मलाही उठावंसं वाटतं. अडचण एवढीच की टॅकल मारायला जो धावून गेला त्याची जागा त्या वेळी रिकामी असते, आणि ती कोण भरतं याकडे कुणी बघत नाही. गाबीचे टॅकल लोकांना आठवतात. गाबी पुढे गेला की त्याच्या शेजारचा मध्यरक्षक तियागो तीन पावलं डावीकडे सरायचा, ते आठवत नाही.

म्हणून मी दोरी आणली. विहिरीला वापरतात तसली सुती, दहा मीटरचे तुकडे केलेले. मागच्या चौघांच्या कमरेला एकमेकांशी बांधायची, ती सैल पडू द्यायची नाही आणि ताणूही द्यायची नाही, आणि मी चेंडू इकडून तिकडे फिरवत राहायचं. सुरुवातीला मुलं हसतात, एकमेकांना ओढतात, पडतात. दहा मिनिटांनी हसू थांबतं. पंधराव्या मिनिटाला दोरी छान हलायला लागते, चौघे मिळून एकच जनावर असल्यासारखी.

पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास कुणीतरी एक जण मागे राहतो. दोरी ताणली जाते, शेजारच्याच्या कमरेला हिसका बसतो आणि तो वळून बघतो. परवा मागे राहिलेला मुलगा आमच्यातला सर्वांत दांडगा होता, टॅकलला सगळे ज्याला घाबरतात तो. गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. शेजारचा किरकोळ पोरगा काही बोलला नाही, दोन पावलं त्याच्याकडे सरकला आणि दोरी पुन्हा सैल झाली. मी चेंडू दुसऱ्या बाजूला मारला.